देवळाचं दार रस्त्याकडे हवं

पुनर्विकासाच्या जाहिरातपत्रकात हल्ली देऊळ सुविधांच्या यादीत येतं. पोहण्याचा तलाव, जिम, ज्येष्ठ नागरिक कट्टा, योगा डेक, मंदिर. जागा बहुतेक वेळा पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या दोन-तीन मजल्यांच्या डोक्यावर, हिरवळीच्या कोपऱ्यात. चित्रात संगमरवरी छत्री असते आणि समोर आजी-नातू हात जोडून उभे असतात. (त्या आजींचं लुगडं किंवा साडी आपल्याकडची कधीच वाटत नाही, पण ते सोडून देऊ.)

पुष्कळदा हे देऊळ नवं नसतंच. वाड्याच्या बोळात, चाळीच्या चौकात किंवा गल्लीच्या तोंडाशी पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला मारुती, दत्त नाहीतर विठोबा तिथून उचलून वर नेलेला असतो. रहिवासी समाधानी असतात, देव राखला आणि फरशीही नवी मिळाली. विकासक समाधानी असतो, कारण देव हलवला म्हणून कुणी मोर्चा आणला नाही. तक्रार करायला ज्यांना खरं कारण होतं ते सभेला नव्हतेच, कारण ते सोसायटीचे सभासद नाहीत. ते फक्त रोज येणारे लोक.

मी त्यांच्या बाजूने लिहितो आहे. शहरातलं लहान देऊळ कागदावर कोणत्याही मिळकतीत असो, ते ज्या रस्त्याकडे तोंड करून उभं आहे त्या रस्त्याचंही असतं. पुनर्विकासात मूर्ती वाचते आणि रस्ता तुटतो. मूर्तीची काळजी घ्यायला माणसं पुष्कळ आहेत. रस्ता तुटू नये हे बघणं सार्वजनिक काम आहे आणि नकाशा मंजूर करणाऱ्या महापालिकेने ते करायला हवं.

या देवळात येतं कोण, ते आधी पाहू. पुण्याच्या सदाशिव, नारायण, नवी पेठ या भागात शनिवारी संध्याकाळी कुठल्याही मारुतीपुढे उभं राहा. निम्मी रांग एमपीएससीच्या मुलामुलींची असते. लातूर, नांदेड, बुलढाणा, सोलापूरहून आलेली, कॉटबेसिसवर राहणारी, पाठीवर सॅक. पूर्वपरीक्षा जवळ आली की रुईच्या माळांचा खप वाढतो. सकाळी दांडेकर पुलाकडून धुण्याभांड्याच्या कामाला निघालेल्या बायका पायरीशी चपला काढतात, दोन क्षण थांबतात आणि पुढच्या घरी जातात. शेजारच्या रिक्षा स्टँडचा पहिला नंबरवाला उदबत्ती लावून जातो. माळा विकणारी बाई फक्त शनिवारी बसते, आणि त्या एका दिवसाच्या विक्रीवर तिच्या घरचं काही ना काही अवलंबून असतं. दुपारी कुरिअरवाला पोरगा कट्ट्यावर डबा उघडतो. दुचाकीवरून जाणारे तर थांबतही नाहीत. वेग जरा कमी करून उजवा हात छातीला, मग कपाळाला लावतात आणि सुटतात. तेही दर्शनच.

यातलं जवळजवळ कुणीच त्या इमारतीत राहत नाही. कुणाचा वाडा, कुणाची ट्रस्ट, गुरव कोण, हे त्यांना ठाऊक नसतं आणि देवळानेही त्यांना कधी नाव विचारलेलं नसतं. आता हाच मारुती पोडियमवर न्या. इमारतीतल्या साठ-सत्तर कुटुंबांचं काहीच बिघडत नाही, लिफ्ट आहे. बाकी सगळे एका फटक्यात भक्तांचे ‘व्हिजिटर’ होतात. गेटवरचा वॉचमन विचारणार, कुठे जायचंय, कोणाकडे? मोबाईलवर कुणीतरी होकार दिल्याशिवाय दांडी वर जात नाही. मारुतीला फ्लॅट नंबर नाही आणि त्याच्या वतीने होकार द्यायला कुणी बसलेलं नाही.

‘आम्ही कुणाला अडवणार नाही,’ असं सभेत सगळे सांगतात आणि मनापासून सांगतात. पहिलं वर्षभर अडवतही नाहीत. मग एकदा सायकल चोरीला जाते, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तासभर चर्चा होते, आणि ‘बाहेरच्यांसाठी दर्शन सकाळी सात ते नऊ’ अशी पाटी लागते. काही दिवसांनी ती पाटीही काढतात, कारण तोवर बाहेरचं कुणी यायचंच थांबलेलं असतं.

कायद्याला ही गोष्ट फार पूर्वी कळलेली आहे. आपला सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० चा. त्यात देवळाची जी व्याख्या आहे तिचा गाभा असा की हिंदू समाज किंवा त्याचा एखादा भाग सार्वजनिक उपासनेसाठी जिथे हक्काने जातो, ती जागा देऊळ, तिला नाव काहीही असो. मालकाच्या परवानगीने जाणं वेगळं आणि हक्काने जाणं वेगळं. पुढे १९५६ मध्ये देवकीनंदन विरुद्ध मुरलीधर या खटल्यात, देवस्थान खाजगी की सार्वजनिक हे ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने बाकीच्या पुराव्याबरोबर एक साधी गोष्ट पाहिली होती. मूर्ती राहत्या घराच्या आवारात बसवली आहे, की बाहेर मोकळ्या जागी खास बांधलेल्या वेगळ्या इमारतीत? ती बाहेर होती, आणि देवस्थान सार्वजनिक असल्याच्या बाजूने ही बाब धरली गेली.

हाच तर्क उलटा लावून बघा. रस्त्यावरचं देऊळ आज सोसायटीच्या आवारात गेलं, वीस-पंचवीस वर्षं बाहेरचं कुणी आलं नाही, देखभाल सोसायटीच्या मेंटेनन्समधून झाली. उद्या गल्लीतल्या कुणी ‘आमचा हक्क आहे’ म्हणून दाद मागितली तर पुरावा कुणाच्या बाजूचा असेल? सार्वजनिक देवस्थान खाजगी करायला ठराव करावा लागत नाही, दाखल्याची गरज पडत नाही. दार आत वळवलं की पुरे.

हे घडतं त्यामागे कुणाचा द्वेष नाही, चौरस फुटांचा हिशेब आहे. रस्त्याकडेचा तळमजला म्हणजे दुकानांची जागा, इमारतीतली सगळ्यात महाग. तिथे दहा बाय दहाचा गाभारा आणि पुढे उभं राहायला जागा सोडायची, तर एक गाळा जातो. शिवाय देवाच्या डोक्यावर कुणी राहू नये, वरच्या मजल्याचं न्हाणीघर-संडास तर नकोच, ही रहिवाशांची भावना. ती मला चुकीची वाटत नाही. पण इमारतीखाली नको आणि दुकानांच्या ओळीत परवडत नाही म्हटल्यावर उरतं ते पुढचं-बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्दीच्या मधली पट्टी, आणि तिथे नियम आडवे येतात. ते मोकळं ठेवायचं असतं, अग्निशमनाची गाडी फिरली पाहिजे. मग पोडियम हे सगळ्यांच्या सोयीचं उत्तर ठरतं. त्यामुळे मी नुसता विकासकाला दोष देणार नाही. नियमातच या देवळांना बसायला जागा नाही.

जागा करता येईल. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमावलीत एक तरतूद आहे. योजनेत आधीपासून असलेलं धार्मिक स्थळ सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठेवायचं ठरलं, तर नव्या योजनेत त्याचं क्षेत्रफळ पूर्वीपेक्षा वाढता कामा नये. नियम लिहिणाऱ्याने काय ओळखून ते वाक्य घातलं असेल, हे वस्त्यांमधून फिरलेल्या कुणालाही समजेल. याच धाटणीचं आणखी एक वाक्य हवं, आणि ते वाडे, चाळी, सोसायट्या सगळ्यांच्या पुनर्विकासाला लागू हवं. जुनं सार्वजनिक देऊळ असेल तर त्याचं दार सार्वजनिक रस्त्यावर उघडेल, त्या वाटेवर सोसायटीचं फाटक असणार नाही, आणि अग्निशमनाच्या गाडीची वाट मोकळी ठेवून तेवढ्याच क्षेत्रापुरती सामासिक अंतरात सूट मिळेल. बदल्यात एक इंचही वाढ नाही.

ही दुसरी अट भाविकांना पहिलीपेक्षा जड जाते, असा माझा अनुभव आहे. दार राखा म्हटलं की टाळ्या पडतात, वाढवू नका म्हटलं की ‘तुम्ही देवाच्या आड येता’. प्रत्येक देवस्थान कमिटीच्या मनात कुठेतरी प्रभादेवीचा सिद्धिविनायक असतो. सिद्धिविनायकाची सुरुवात १९ नोव्हेंबर १८०१ ला झाली, माटुंग्याच्या देऊबाई पाटील यांच्या पैशातून लक्ष्मण विठू या कंत्राटदाराने बांधलेल्या विटांच्या एका लहानशा चौकोनी देवळात. आज तिथे अनेक मजली इमारत आहे, सोन्याचा मुलामा दिलेला कळस आहे, मंगळवारच्या रांगा आहेत, आणि कारभारासाठी राज्याने १९८० साली केलेला स्वतंत्र कायदा आहे. त्या वाढीला माझी हरकत नाही. मोठं देवस्थान जे करू शकतं, रुग्णांना मदत वगैरे, ते गल्लीतला मारुती करू शकत नाही. पण सिद्धिविनायकाला माणूस ‘जातो’. बूट कुठे ठेवायचे, मोबाईल चालेल का, रांग किती, याची चौकशी करून जातो. गल्लीतल्या मारुतीकडे कुणी जात नाही, तो वाटेत असतो. दोन्ही देवळं शहराला हवीत, पण दुसऱ्याचं पहिलं करायला निघालं की दुसरं संपतं आणि पहिलं काही होत नाही. जीर्णोद्धाराच्या नावाखाली काय होतं ते आपण बघतोच. काळ्या दगडावर चकचकीत फरशा, स्टीलचे कठडे, लोकांना ‘शिस्त’ लागावी म्हणून वेड्यावाकड्या रांगेचे पाइप, मूर्तीमागे रंग बदलणारी एलईडी चक्रं, आणि आरतीचं यंत्र, ज्यात नगारा-घंटा मोटरवर वाजतात आणि माणसाने नुसतं बटण दाबायचं. कट्टा मात्र जातो. बसायचा कट्टा पहिल्यांदा जातो, कारण ‘तिथे पोरं बसतात’.

आणि नावं. पुण्यात बटाट्या मारुती आहे, कारण १८८६ मध्ये मंडई उभी राहण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर, या मारुतीपाशी भरायचा. पासोड्या विठोबाजवळ पासोड्या, म्हणजे जाडीभरडी पांघरुणं, विकायला बसत. निवडुंग्या विठोबा निवडुंगाच्या रानात सापडला असं सांगतात. पाहुण्यांना ही नावं ऐकवून हसवणं हा पुणेकरांचा जुना उद्योग आहे. पण या नावांत देणगीदार एकही नाही. नवीन जीर्णोद्धारात गाभाऱ्याच्या चौकटीवर काय लिहिलेलं असतं? ‘यांच्या विकासनिधीतून’, खाली फोटो, आणि फोटो मूर्तीपेक्षा मोठा.

इथवर वाचून कुणी म्हणेल, या शहरांत देवळं कमी आहेत की काय? फुटपाथवर चालायला जागा नाही आणि तुम्ही देवळांची दारं राखायला निघालात. आक्षेप बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ च्या आदेशात सांगितलं की यापुढे रस्ते, उद्यानं, सार्वजनिक जागा यांवर कुठल्याही धर्माचं अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नका, आणि आधीच्यांबद्दल एकेक प्रकरण तपासून ठरवा. त्यानंतर राज्यातल्या महापालिकांनी याद्या केल्या, नियमित करायची कोणती, हलवायची कोणती, पाडायची कोणती. हरकती मागवल्या. काही ठिकाणी कारवाई झाली, काही ठिकाणी कारवाईच्या आदल्या रात्री महाआरती झाली.

माझी भूमिका सरळ आहे. जे देऊळ रस्त्याआधी होतं आणि रस्ता त्याला वळसा घालून गेला ते एक, आणि जे रस्ता झाल्यावर रस्त्यावर आलं ते दुसरं. पहिल्याला राखावं. दुसऱ्याला हात जोडून हलवावं, त्यातल्या देवाबद्दल माझ्या मनात काही का असेना. झाडाच्या बुंध्याला आधी फ्रेम, मग फरशीचा चौथरा, मग जाळी, मग पत्र्याची शेड, मग शेडच्या मागे कुणाचं तरी गोदाम, ही वाढ कशी होते हे प्रत्येक प्रभागातल्या कनिष्ठ अभियंत्याला माहीत असतं. जिन्यात थुंकू नये म्हणून देवांच्या फरशा बसवणारेही याच घराण्यातले. देवाला पहारेकरी म्हणून उभं करायचं, जागेवर नाहीतर भिंतीवर. अशा देवळांचा बचाव करत बसलो तर वाड्यातल्या जुन्या विठोबाच्या बाजूने बोलायला तोंड राहणार नाही. चालणाऱ्या माणसाच्या वाटेत येणारं देऊळ आणि चालणाऱ्या माणसाला तोडणारं देऊळ, दोन्ही ठिकाणी मी त्या चालणाऱ्याकडून बोलतो आहे.

‘पूर्वी देवळं सगळ्यांना खुली होती, आता गेट आले’ असं मी म्हणत नाही. ते खोटं आहे. पुण्यातच पर्वतीच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२९ साली सत्याग्रह झाला आणि सत्याग्रहींना मारहाण झाली. पंढरपूरच्या विठोबासाठी साने गुरुजींना १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं. गावोगावचे साधे, बिनदाराचे मारुतीही पुष्कळांना बंदच होते. दार नसलं तरी गाव हेच दार होतं. त्या लढ्यांतून आधी १९४७ चा आणि मग १९५६ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याच १९५६ च्या कायद्यावर बोट ठेवलं आणि त्यानंतर गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाता आलं.

देऊळ हक्काने जाण्याची जागा झाली ती अशी, भांडून. पूर्वी जातीवरून अडवत. आता कुणी जात विचारत नाही, जातीवरून अडवणं गुन्हा आहे हे वॉचमनलाही ठाऊक असतं. तो फक्त कपडे बघतो. धुण्याभांड्याच्या बाईला इमारतीत यायला कार्ड असतं, पण त्यावर कामाच्या घराचा नंबर आणि वेळ लिहिलेली असते, पोडियमवरच्या देवळाचा उल्लेख नसतो. कचरा नेणाऱ्याला मागचं फाटक. अटकाव कुणी केला असं दाखवता येत नाही, म्हणून तक्रारही करता येत नाही. जो कायदा आपल्याकडे भांडून आला, त्याच्यासमोर एक बूम बॅरिअर ठेवून तो निकामी होत असेल, तर सश्रद्ध माणसाइतकंच अश्रद्धाचंही ते दुखणं असायला हवं.

सुरक्षेचं काय, असा प्रश्न येतोच, आणि तो बायका-मुलं घरी असलेल्या कुणालाही पडेल. पण त्याचं उत्तर नकाशातच आहे. देवळाला रस्त्याकडून एकच दार, आवाराकडे भक्कम भिंत. रात्री जाळी ओढून कुलूप. रहिवाशांनीही बाहेरून फिरून यावं, पन्नास पावलांचा प्रश्न. गिरगावात माझं आजोळ होतं. ठाकूरद्वार, झावबावाडी, फडकेवाडी या भागात देऊळ वस्तीत असूनही सगळ्या गल्लीचं कसं असतं हे मी लहानपणी पाहिलेलं आहे, आणि त्या वाड्यांमधून राहणारी माणसं आपापल्या दाराला कडी लावूनच झोपत होती.

कोविडच्या काळात याची एक परीक्षा आपोआप झाली. राज्यातली देवळं मार्च २०२० पासून बंद झाली, त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली, पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला उघडली. रस्त्यावरच्या लहान देवळांचं कुलूप लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. जाळीतून दिसतं तेवढं बघितलं, पायरीवर फूल ठेवलं, पुढे गेले. आवारातल्या देवळांना ही सोय नव्हती. ती बाहेरच्यांना आधीच बंद होती.

राहता राहिला पैसा आणि कागद, आणि खरं तर सुरुवात तिथूनच करावी लागेल. लहान देवळं इतक्या सहज गिळली जातात याचं मोठं कारण त्यांचे कागद नसतात. मिळकत पत्रिकेवर वाडामालकाच्या पणजोबांचं नाव. पूजा गुरवाच्या घराण्याकडे, तोंडी. दानपेटीची किल्ली ‘अण्णांकडे’. आता पेटीशेजारी क्यूआर कोडचा फलक आहे, पण पैसे कुणाच्या खात्यात जातात हे विचारलं की वातावरण एकदम गार होतं. काही देवळं खरोखरच एखाद्या घराण्याची खाजगी असतात, आणि तशी असतील तर त्या घराण्याचा हक्क मान्य केला पाहिजे. पण पुष्कळ ठिकाणी सार्वजनिक देऊळ नुसतं आळसाने खाजगी राहिलेलं असतं.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंद झालेली असली की काय फरक पडतो, ते पाहा. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्तांना स्थावर मिळकत आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेब तपासून घ्यावे लागतात. कटकट आहे, नाही कशाला म्हणू? चॅरिटी कमिशनरच्या कचेरीत एका बदल अर्जासाठी किती चपला झिजतात ते विश्वस्तांना विचारा. पण विकासकाच्या वकिलाला थांबून विचार करायला लावणारा कागद तोच. ज्या देवळाचा हिशेब पायरीशेजारच्या फळ्यावर दर महिन्याला लागतो, त्याच्या बाजूने गल्ली उभी राहते. ज्याच्या पेटीची किल्ली अण्णांकडे, त्याच्यासाठी अण्णाच उभे राहतात, आणि अण्णांना विकासक एक फ्लॅट जास्त देतो.

गुरवाचाही विचार याच हिशेबात यावा. दोन वेळची पूजा, झाडलोट, दिवाबत्ती, काकडआरतीच्या महिन्यात पहाटे चारला उठणं, आणि मिळकत ताटातल्या सुट्ट्या पैशांची, जे आता क्यूआरमुळे ताटात पडतही नाहीत. देऊळ पोडियमवर गेलं की तो सोसायटीच्या पगारावरचा माणूस होतो, हाउसकीपिंगच्या यादीत. त्यालाही गेटवर पास लागतो.

महापालिकांकडे आज धार्मिक स्थळांच्या ज्या याद्या आहेत त्या २००९ च्या आदेशानंतरच्या, अनधिकृतांच्या. जुन्या पेठा, गिरगाव, दादर, परळ इथली जी सार्वजनिक देवळं खाजगी मिळकतीत आहेत आणि ज्यांचं दार आज रस्त्यावर उघडतं, त्यांची प्रभागवार नोंद करायला एखाद्या मोहिमेची गरज नाही. बीट निरीक्षकाला ती सगळी तोंडपाठ असतात. फोटो, दाराची दिशा, क्षेत्रफळ, एवढं लिहून ते विकास नियोजन विभागाकडे गेलं, तर पुनर्विकासाचा प्रस्ताव टेबलावर आल्यावर बांधकाम परवानगीच्या अभियंत्याला विचारता येईल की या मिळकतीतलं दार नव्या नकाशात कुठे आहे. आज तो हे विचारत नाही, कारण त्याच्या तपासणीच्या तक्त्यात तसा रकानाच नाही.